जुनी मोटार आणि पेट्रोलमधले शिसे

जुनी मोटार मिळवायची, तिचा एकेक भाग सुटा करून दुरुस्त करायचा आणि ती पुन्हा रस्त्यावर आणायची, हा छंद असणाऱ्याला गाडी ‘होती तशी’ हवी असते. रंग मूळचा, दिवे मूळ बनावटीचे, बैठकीचे कापडसुद्धा त्याच विणीचे. १९९०च्या दशकात या मंडळींपुढे वेगळाच पेच उभा राहिला. गाडी होती तशी करता येत होती, पण पेट्रोल होते तसे राहणार नव्हते. त्यातले शिसे जाणार होते.

मुळात ते आले कशासाठी? पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दट्ट्याने जितके जास्त दाबावे, तितके इंजिन कार्यक्षम. पण दाब फार वाढला, की ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि इंजिनातून ठोके ऐकू येतात. गॅरेजात याला ‘नॉकिंग’ म्हणतात. टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अगदी थोडे मिसळले तरी ठोके थांबतात, हे टॉमस मिजली यांना अमेरिकेतील डेटन येथे जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत ९ डिसेंबर १९२१ रोजी आढळले. १९२३ मध्ये ते विक्रीला आले. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात ते बनवणारे पाच कामगार विषबाधेने दगावले. त्याच महिन्यात मिजलींनी वार्ताहरांसमोर हा द्रव हातावर ओतून घेतला, हुंगूनही दाखवला. आदल्याच वर्षी शिशाच्या बाधेमुळे त्यांना स्वतःला रजा घ्यावी लागली होती!

शिशाने आणखी एक काम केले, जे कोणी त्याला सांगितले नव्हते. जळलेला वायू बाहेर सोडणारी झडप, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, अतिशय तापते आणि मिनिटाला शेकडो वेळा आपल्या बैठकीवर आपटते. बैठक साध्या बिडाची असेल तर दोन्ही धातू क्षणभर एकमेकांना चिकटतात आणि झडप उचलली की बिडाचे कण उपटून येतात. हे कण मग कानशीसारखे घासतात. झडप खोल जाते, टॅपेटची फट संपते, झडप नीट मिटेनाशी होते आणि जळते. शिशाच्या क्षारांचा पातळ थर या दोन धातूंमध्ये राहत असल्याने हे टळत होते.

तेच शिसे धुराड्यातून हवेत, आणि हवेतून रक्तात जात होते. पृथ्वीचे वय ठरवणाऱ्या क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्ये या प्रदूषणाकडे ठामपणे बोट दाखवले. अमेरिकेत १९७६ ते १९८० या काळात पेट्रोलमधले शिसे घटत गेले, तसे लोकांच्या रक्तातले सरासरी प्रमाणही सुमारे ३७ टक्क्यांनी उतरले. लहान मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम पाहता याहून बोलका पुरावा नको. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले. जगात ते सर्वांत शेवटी अल्जीरियात, २०२१ मध्ये थांबले.

युरोपात छांदिष्टांनी आग्रह धरला, तेव्हा जुन्या वाहनांसाठी एकूण विक्रीच्या अर्ध्या टक्क्यापर्यंत शिशाचे पेट्रोल विकण्याची सवलत ठेवली गेली. मला ती अनावश्यक वाटते. कारण गाडी जितकी जुनी तितकी अडचण मोठी, असे मुळीच नाही. लंडन ते ब्रायटन या प्रसिद्ध फेरीत १९०५ पूर्वीच्याच गाड्या धावतात. शिसे निघाले तेव्हा त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. फोर्डची मॉडेल टी मिश्रण जेमतेम चारपटीने दाबते; तिला शिशाची गरजच नव्हती. खरा प्रश्न होता तो मधल्या, विशेषतः १९५०-६०च्या, बिडाचे हेड असलेल्या गाड्यांचा. आपल्या अँबॅसडरचे १४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन याच जातीचे. फियाट ११००, म्हणजे पुढची पद्मिनी, सुटली. तिचे हेड अॅल्युमिनियमचे असल्याने बैठकीच्या कड्या मुळातच वेगळ्या बसवलेल्या होत्या.

अँबॅसडरसारख्या इंजिनालाही तोच उपाय चालतो. बैठक कोरून काढायची आणि तिथे कठीण मिश्रधातूची कडी बसवायची. कडी खाचेपेक्षा किंचित मोठीच घेतात. ती थंड करून आकसवायची, हेड गरम करून फुगवायचे आणि कडी ठोकून बसवायची. दोन्ही एका तापमानाला आले की कडी जन्मभर हलत नाही. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना आपला लोहार हेच तत्त्व वापरत आला आहे, फक्त तिथे कडे बाहेरून आवळते. हेड पुन्हा जागेवर बसले, की ही कडी बाहेरून कोणाला दिसतही नाही.