छायाचित्र मोठे करताना : सिकंदरबागेचा दाखला

संगणकाच्या पडद्यावर रेखीव दिसणारे छायाचित्र भिंतीवर लावण्याएवढे मोठे केले की त्याच्या कडा विरघळतात आणि चेहऱ्यांवर चौकोन उमटू लागतात. दर्जा कायम राखून डिजिटल प्रतिमा कितपत मोठी करता येते, हे वापरलेल्या तंत्राइतकेच मूळ छायाचित्रावर अवलंबून असते. लखनौच्या सिकंदरबागेचे १८५८ मधील प्रसिद्ध छायाचित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

नवाब वाजिद अली शाह यांच्या काळात उभारण्यात आलेल्या या बागेवर १६ नोव्हेंबर १८५७ रोजी सर कॉलिन कॅम्पबेल यांच्या फौजेने हल्ला केला. त्यात आतील सुमारे २,००० भारतीय सैनिक मारले गेले. छायाचित्रकार फेलिचे बेआतो लखनौत आले ते त्यानंतर चार महिन्यांनी, मार्च १८५८ मध्ये. त्यांच्या छायाचित्रात भग्न इमारत, तिच्यापुढे काही माणसे, एक घोडा आणि जमिनीवर विखुरलेल्या कवट्या व हाडे दिसतात. झाकलेले अवशेष छायाचित्रासाठी पुन्हा उघडे करण्याचा आग्रह बेआतो यांनी धरला होता, असे सर जॉर्ज कॅम्पबेल यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. त्यामुळे अभ्यासकांची नजर नेमकी चित्राच्या पुढच्या भागावर खिळते. तेथे किती हाडे आहेत, कशी पडली आहेत, हे प्रश्न पुराव्याचे आहेत. प्रतिमा मोठी करताना एक कवटी वाढली किंवा पुसली गेली, तर हा पुरावाच बदलतो.

इंटरनेटवर या छायाचित्राच्या लहानमोठ्या प्रती फिरत असतात. समजा, त्यांपैकी एकीची रुंदी ६०० पिक्सेल आहे. प्रदर्शनासाठी ती चार फूट, म्हणजे ४८ इंच रुंद छापायची आहे. जवळून पाहण्याच्या छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले, तर १४,४०० पिक्सेल लागतात, म्हणजे रुंदीत २४ पट आणि उंचीतही तेवढेच. याचा अर्थ, तयार झालेल्या दर ५७६ पिक्सेलांमागे मूळचा ऐवज केवळ एका पिक्सेलाचा; उरलेले ५७५ संगणकाने भरलेले.

हे भरण्याच्या जुन्या पद्धती सरळ गणिताच्या आहेत. सर्वांत साधी पद्धत शेजारच्या पिक्सेलाची नक्कल करते. त्यातून पायऱ्यांसारख्या कडा उमटतात. द्विरेषीय पद्धत भोवतालच्या चार पिक्सेलांची सरासरी काढते, तर द्विघन पद्धत सोळा पिक्सेलांचा विचार करते. या दुसऱ्या पद्धतीत कडा अधिक नितळ येतात, मात्र त्यांच्याभोवती क्वचित फिकट किनार दिसते. या पद्धती नवे काही शोधून आणत नाहीत, आणि तसा दावाही करीत नाहीत. चित्र धूसर होते, पण खोटे होत नाही. ही धूसरता म्हणजे दोष नसून प्रामाणिकपणा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

२०१४ नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित पद्धती पुढे आल्या. असंख्य छायाचित्रे अभ्यासून त्या ‘येथे बहुधा काय असावे’ याचा अंदाज करतात आणि तो तपशील रेखीवपणे रंगवतात. कौटुंबिक छायाचित्रासाठी याचा लाभ निश्चित होतो. धोका कोठे आहे, हे २०२० मध्ये दिसून आले. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी तयार केलेल्या ‘पल्स’ या प्रणालीला बराक ओबामा यांचे पुसट केलेले छायाचित्र देण्यात आले, तेव्हा तिने एका गोऱ्या माणसाचा सुस्पष्ट चेहरा काढून दिला. सिकंदरबागेच्या जमिनीवरील पांढरा ठिपका दगड आहे की हाड, याचा निर्णय अशी प्रणाली तितक्याच आत्मविश्वासाने करील. बेआतो यांच्या काळातील ओल्या कोलोडिअन काचा निळ्या प्रकाशाला अधिक संवेदनशील असल्याने आकाश बहुधा कोरे पांढरे येत असे. त्या कोऱ्या जागेतही नसलेले ढग उमटू शकतात.

यावरील उपाय सहसा सॉफ्टवेअरमध्ये नसतो. तो मूळ प्रतीकडे परत जाण्यात असतो. बेआतो यांच्या मोठ्या काचा सुमारे १० बाय १२ इंचांच्या होत्या आणि त्या काळी काच कागदावर टेकवून तेवढ्याच आकाराची प्रत काढली जाई. अशी जुनी प्रत इंचाला १,२०० पिक्सेल या प्रमाणात स्कॅन केली, तर रुंदीत थेट १४,४०० पिक्सेल मिळतात. वर हिशेब केलेली चार फुटी छपाई एकही पिक्सेल न वाढवता होते! छायाचित्र ग्रंथालयाच्या किंवा संग्रहालयाच्या ताब्यात असेल, तर तेथून मोठ्या आकाराची फाइल मागवणे हेच पहिले पाऊल होय. छायाचित्र घरचे असेल तर मोबाइलवरून आलेली प्रत न घेता कागदावरची प्रत शोधावी.

मूळ प्रत मिळतच नसेल, तर कामाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. जेपेग फाइल आठ बाय आठ पिक्सेलांच्या चौकोनांत दाबलेली असते. हे चौकोन आणि दाणेदारपणा आधी कमी करावा, मग आकार वाढवावा आणि धार देण्याचे काम अगदी शेवटी, छपाईचा आकार ठरल्यावर करावे. मधल्या टप्प्यांत फाइल टिफ स्वरूपात ठेवावी. पाहणाऱ्याचे अंतरही विचारात घ्यावे. तीन मीटरवरून पाहिल्या जाणाऱ्या फलकाला इंचाला ३० पिक्सेलही पुरतात. वरची ६०० पिक्सेलांची प्रत चार फुटांवर ताणली, तर ती सुमारे सात मीटरवरून ठीक दिसेल.

सांस्कृतिक वारशाच्या जतनाचे शास्त्रीय काम करणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा लखनौमध्येच, अलीगंज भागात आहे. तिची स्थापना १९७६ मध्ये झाली. जुन्या चित्राचा उडालेला भाग भरताना ही भर मूळ भागापासून ओळखता यावी आणि गरज पडल्यास काढता यावी, असा जतनशास्त्राचा जगभर मान्य असलेला दंडक आहे. डिजिटल प्रतिमेला तो लावणे अवघड नाही. मूळ स्कॅनला हात न लावता वाढवलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवावी आणि छपाईखाली वापरलेली पद्धत व किती पटींनी वाढवले ते एका ओळीत लिहावे. १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दरोगा अब्बास अली यांच्या ‘लखनौ अल्बम’मधील पन्नास छायाचित्रांनाही हीच काळजी लागू पडते, त्यांत दिसणाऱ्या काही इमारतींचे रूप पुढे इतके पालटले की ताडून पाहण्यासाठी ही छायाचित्रेच तेवढी हाताशी आहेत.