एका ‘येस’ची गोष्ट

आयकराच्या फायलीवर लिहिलेला एक इंग्रजी शब्द १९७१ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. तो शब्द होता ‘येस’.

एकदा पूर्ण झालेली करआकारणी सरकारला पुन्हा उघडता येते. १९२२ च्या कायद्यात ही तरतूद कलम ३४ मध्ये होती. १९६१ च्या कायद्यात ती कलम १४७ व १४८ मध्ये आली. अधिकार मोठा, म्हणून अटीही कडक होत्या. उत्पन्न करातून निसटले असे मानण्यास सबळ कारण हवे, ते नोटिशीपूर्वी लिहून ठेवायला हवे, आणि ठरावीक मुदत उलटली असेल तर वरिष्ठांची संमती हवी.

छुगामल राजपाल विरुद्ध चलिहा या प्रकरणात करदात्याने दाखवलेली कर्जे बनावट असून सावकार केवळ नाव उसने देणारे आहेत, अशी माहिती अधिकाऱ्याकडे आली होती. त्याने अहवालात काय लिहिले? या कर्जांची नीट चौकशी व्हायला हवी, एवढेच. न्यायालयाने मूळ कागद मागवले तेव्हा हे उघडे पडले. चौकशी हवी म्हणणे म्हणजे संशय. कायद्याला हवा होता विश्वास, तोही आधारासह. पुढच्या रकान्यात, नोटीस काढण्याजोगे हे प्रकरण आहे काय, या प्रश्नासमोर आयुक्तांनी ‘येस’ लिहून सही केली होती. त्यांनी अहवाल लक्षपूर्वक वाचला असता तर संमती दिलीच नसती, असे न्यायालयाचे मत पडले. नोटीस रद्द झाली. कर्जे खरी की खोटी, हा प्रश्न तिथेच राहिला!

करचुकवा सुटला तर? ही शंका रास्त आहे. पण ज्याने सारे कागद एकदा दाखवले, त्याच्या मानेवर वर्षानुवर्षे तलवार टांगती ठेवणे त्याहून घातक.

ही कसोटी रोजच्या व्यवहारात लावण्याचे काम प्रामुख्याने आयकर अपिलीय न्यायाधिकरणाकडे आले. २५ जानेवारी १९४१ रोजी स्थापन झालेली ही संस्था आज वित्त नव्हे, तर विधी मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. करदाता आणि विभाग, दोघांनाही तिथे दाद मागता येते. नोटीसच अवैध ठरली, की तिच्यावर उभी राहिलेली फेरआकारणी तिथे कोसळते; मग रक्कम कितीही असो. नोंदवलेल्या कारणांत मागाहून भर घालता येत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २००४ साली हिंदुस्थान लिव्हर प्रकरणात बजावले.

संसदेने १९८७ साली ‘मानण्यास कारण’ हे शब्द काढून अधिकाऱ्याचे ‘मत’ पुरेसे ठरवले होते. निवेदने आली आणि ते शब्द १९८९ साली परतले. केवळ मत बदलले म्हणून आकारणी उघडता येत नाही, हे केल्व्हिनेटर प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. अखेर २०२१ च्या वित्त कायद्याने ते शब्द गेलेच. त्यांच्या जागी ‘माहिती’ आली, आणि नोटिशीआधी करदात्याचे म्हणणे ऐकण्याची सोयही.

नवा कायदा लागू झाल्यावरही विभागाने जुन्याच पद्धतीने सुमारे ९०,००० नोटिसा पाठवल्या. अनेक उच्च न्यायालयांनी त्या रद्द ठरवल्या. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र आपले विशेष अधिकार वापरून त्यांना नव्या कायद्याखालच्या कारणे दाखवा नोटिसा मानले. १९७१ साली एक नोटीस एका शब्दापायी बुडाली होती. या वेळी ९०,००० तरल्या.