नाट्यमन्वंतराचा पहिला हंगाम



१ जुलै १९३३ ह्या दिवशी, ऐन पावसाळ्यात, मुंबईच्या रिपन थिएटरमध्ये पडदा वर गेला आणि प्रेक्षकांना रंगमंचावर एक घरातली खोली दिसली. ह्यात नवल ते काय, असे आज कोणीही विचारील. नवल हे, की तिला उभ्या केलेल्या भिंती होत्या आणि खरोखर उघडणारी दारे होती. तोवर आमच्या नाटकांतले महाल, उद्याने आणि रस्ते बहुधा रंगविलेल्या पडद्यांवरच असत. ते नाटक म्हणजे श्रीधर विनायक वर्तक ह्यांचे ‘आंधळ्यांची शाळा’, आणि ते करणारी संस्था ‘नाट्यमन्वंतर’.

काळ मोठा कठीण होता. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला, आणि नाटकांचा प्रेक्षक बोलपटांकडे वळला. जुन्या मंडळ्यांचे वैभव उतरणीला लागले होते. अशा वेळी केशवराव दाते, के. नारायण काळे, अनंत काणेकर, पार्श्वनाथ आळतेकर, केशवराव भोळे ह्यांसारख्या मंडळींनी नवी नाटकसंस्था काढावी, हे धाडसच होते. जुन्या वैभवाची नक्कल करून आपण तगणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

नाटकाचे मूळ नॉर्वेतले. ब्यर्नसन ह्या नाटककाराने १८८३ साली लिहिलेल्या ‘हातमोजा’ ह्या अर्थाच्या नाटकावरून वर्तकांनी ते बेतले. आपल्या वाग्दत्त वराचे पूर्वायुष्य कळल्यावर मूळ नाटकातील नायिका हातातला मोजा त्याच्या तोंडावर फेकते. विवाहापूर्वी स्त्रीच्या शीलाची जी कसोटी समाज लावतो, तीच पुरुषाला का लावू नये, एवढाच तिचा प्रश्न! मराठी प्रेक्षागृहात हा प्रश्न विचारणे सोपे नव्हते.

आणि येथेच ह्या प्रयोगाचे मर्म आहे. नेपथ्य, अभिनय आणि संगीत ह्यांतले बदल केवळ नावीन्याच्या हौसेने केलेले नव्हते. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावले होते, आणि ते वेड योग्यच होते. परंतु हा प्रश्न ‘वन्स मोअर’च्या गजरात विरून गेला असता. तो घरातल्या खोलीत, घरातल्या भाषेत आणि स्त्रीच्याच तोंडून ऐकू यायला हवा होता. म्हणून गाणी मोजकी झाली. केशवराव भोळ्यांनी प्रसंगाला साथ देणारे पार्श्वसंगीत योजिले. बिंबाच्या भूमिकेत ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या. गोव्यातील बांदिवड्यात १९१४ साली जन्मलेल्या ह्या गायिका तेव्हा अवघ्या एकोणीस वर्षांच्या होत्या. त्यांच्या आधी स्त्रियांनी रंगभूमीवर पाऊल टाकले नव्हते असे नाही. पण स्त्रीचे दुःख स्त्रीनेच बोलावे, हा आग्रह येथे नाटकाच्या गाभ्यातून आला होता.

नाट्यमन्वंतर फार वर्षे टिकले नाही. संस्थेतील कलावंत पांगले. केशवराव भोळ्यांचे संगीत १९३६ साली ‘संत तुकाराम’ ह्या बोलपटात गाजले, तर केशवराव दात्यांनी १९३७ साली ‘कुंकू’मधला वृद्ध वर अजरामर केला. ज्या बोलपटाने रंगभूमीचा प्रेक्षक नेला, त्यानेच तिचे कलावंतही नेले.

मग मन्वंतर झाले की नाही? आयुष्याची वर्षे मोजली, तर संस्था अपयशी म्हणावी लागेल. परंतु १९४२ साली मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’त त्याच ज्योत्स्नाबाई पुन्हा नायिका म्हणून आल्या, तेव्हा दारे असलेल्या खोलीचे किंवा स्त्रीने केलेल्या स्त्रीभूमिकेचे कोणाला अप्रूप वाटले नाही. नऊ वर्षांपूर्वीचे धाडस तोवर रीत होऊन बसले होते.

आज एखादे नाट्यगृह नव्या प्रयोगांचा हंगाम जाहीर करते, तेव्हा किती तिकिटे खपली हे आपण प्रथम विचारतो. तो हिशेब अवश्य करावा. मात्र त्या नवेपणाने कोणता प्रश्न ऐकू आला, हेही एकदा विचारावे. बिंबाचा प्रश्न आपल्या घरांतून अजून पुरता सुटलेला नाही.