शुष्कनेत्रता, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरची

शस्त्रक्रिया यथास्थित पार पडली, कृत्रिम भिंग जागच्या जागी बसले आणि तक्त्यावरची बारीक अक्षरेही वाचता आली, तरी डोळ्यात रेती गेल्यासारखे खुपते, चुरचुरते, मधूनच धूसर दिसून पापणी मिटताच निवळते, अशी जी तक्रार पुष्कळ रुग्ण घेऊन येतात, तिचे मूळ बहुधा भिंगात नसून बुबुळावरील अश्रुपटलात असते. कोरड्या पृष्ठभागाच्या दाहाने अश्रुग्रंथी चेतून पातळ पाणी सोडते, पण ते डोळ्यावर टिकत नाही. तेव्हा ‘पाणी येते, मग डोळा कोरडा कसा?’ हा रुग्णाचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, त्याचा खुलासा करणे चिकित्सकाचे कर्तव्यच होय.

अश्रुपटलात श्लेष्म, जल आणि स्नेह हे तिन्ही घटक असतात. त्यांपैकी स्नेह पाझरविणाऱ्या, पापण्यांच्या कडांतील ग्रंथींना, १६६६ मध्ये त्यांचे वर्णन करणाऱ्या हाइनरिख मायबोम यांचे नाव मिळाले आहे. मोतीबिंदू काढण्याच्या फेको पद्धतीत बुबुळाच्या कडेशी घेतलेला छेद जेमतेम दोन-तीन मिलिमीटरांचा असला, तरी त्याने तेथील संवेदनावाही तंतू तुटतात, डोळ्याचे भान मंदावते, पापण्या कमी मिटतात आणि अश्रुग्रंथीस जाणारा निरोप क्षीण होतो. जंतुनाशक द्रावण, सूक्ष्मदर्शकाचा प्रखर प्रकाश आणि नंतरच्या थेंबांतील बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक द्रव्य त्यात भर घालतात. पहिल्या महिन्यात त्रास अधिक जाणवतो व साधारणतः तीन महिन्यांच्या मुदतीत ओसरतो. मधुमेही, वृद्ध आणि पापण्यांच्या कडांना जुना दाह असलेले रुग्ण यांच्या बाबतीत तो लांबतो.

ओटो शिर्मर यांनी १९०३ मध्ये सुचविलेली, पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत ती किती भिजते हे पाहण्याची परीक्षा आजही प्रचारात आहे. ती शस्त्रक्रियेपूर्वीच करावी, हे आग्रहाने सांगितले पाहिजे. कारण कोरड्या बुबुळाच्या वक्रतेचे माप चुकते आणि त्याबरोबर भिंगाचा नंबरही चुकतो.

उपचारात कृत्रिम अश्रू प्रमुख होत. ते वारंवार घालावे लागत असतील, तर परिरक्षकरहित घ्यावेत. हात धुऊन, मान मागे टाकून, खालची पापणी बोटाने हलकेच ओढावी आणि तयार होणाऱ्या खळगीत, कुपीचे टोक कोठेही न टेकविता, एकच थेंब सोडावा. दुसरा गालावर ओघळून वाया जातो. दोन औषधांत पाच मिनिटांचे अंतर असावे आणि जेल सर्वांत शेवटी घालावे. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याचा शेक स्नेहग्रंथींना हितकर असला, तरी शस्त्रक्रियेनंतर शल्यचिकित्सकाच्या अनुज्ञेवाचून तो घेऊ नये, आणि डोळा दाबू अगर चोळू नये. गुलाबपाणी, मध, एरंडेल यांना ताज्या छेदाच्या डोळ्यात पूर्ण मज्जाव आहे. स्टेरॉइडचे थेंब आपल्या मर्जीने वाढविणे वा बंद करणे हेही तितकेच घातक. एवढ्याने भागले नाही, तर सायक्लोस्पोरिनचे थेंब देण्याचा अथवा अश्रुनलिकेचे मुख सूक्ष्म बुचाने बंद करण्याचा इलाज तज्ज्ञ करतात.

मात्र ठणका, वाढती लाली, पू किंवा दृष्टीचा एकाएकी ऱ्हास ही कोरडेपणाची लक्षणे नव्हेत. ती डोळ्याच्या आतील जंतुसंसर्गाची असू शकतात, आणि तेव्हा कोणतीही हयगय न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.