विश्रांतीतील विद्युतघट : मॉडेल विमानांच्या लिथियम पॉलिमर बॅटरीच्या साठवण-विद्युतदाबाचा इतिहास

प्रस्तावना

विद्युतघटाचा इतिहास सामान्यतः त्याने केलेल्या कामाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणत्या घटाने किती ऊर्जा दिली, कोणते यंत्र चालविले, याची नोंद होते. परंतु बहुतेक घट आपल्या आयुष्याचा मोठा भाग काहीही न करता, कपाटात किंवा गोदामात पडून काढतात. आणि ते बिघडतात तेही पुष्कळदा तेथेच. मॉडेल विमानांत वापरल्या जाणाऱ्या लिथियम पॉलिमर बॅटरीबाबत एक नियम आज सर्वमान्य आहे. उड्डाण लवकर होणार नसेल तर बॅटरीतील प्रत्येक घट सुमारे ३.८ ते ३.८५ व्होल्टपर्यंत उतरवून ठेवावा. पूर्ण भरलेला नको आणि पूर्ण रिकामाही नको. हा नियम कोठून आला, व तो अंगवळणी पडण्यास वेळ का लागला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. रसायन बदलले तरी हाताची सवय मागील रसायनाचीच राहिली, आणि या तफावतीची किंमत वापरणाऱ्यांनी मोजली, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

दोन जुन्या सवयी

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसे-आम्ल घट तयार केला. पुन्हा पुन्हा भरता येणारा हा पहिला व्यवहार्य घट होय. तो रिकामा ठेवला तर त्याच्या पट्ट्यांवरील लेड सल्फेटचे स्फटिक मोठे व कठीण होत जातात आणि मग तो नीट भरत नाही. म्हणून त्याचा नियम सरळ होता : ठेवायचा तर भरून ठेवा. पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या वाहनाची बॅटरी काढून चार्ज करून ठेवण्याची आपल्याकडील रीत याच नियमाची आहे.

स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये निर्माण केलेल्या निकेल-कॅडमियम घटाचा स्वभाव याच्या नेमका उलट होता. तो रिकामा राहिला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. पुढे उपग्रहांवरील घटांच्या निमित्ताने 'स्मृतिदोषा'ची चर्चा झाली. दरवेळी सारख्याच मर्यादेपर्यंत वापरलेला घट जणू तीच मर्यादा लक्षात ठेवतो, असा तो समज. प्रत्यक्ष व्यवहारात हा दोष मानला जातो तितका वारंवार आढळत नाही. परंतु समज पक्का झाला आणि 'बॅटरी भरण्यापूर्वी पूर्ण उतरवावी' हे वाक्य घरोघरी पोहोचले.

विजेवर उडणाऱ्या विमानांची वाटचाल याच घटांवर झाली. ३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी 'रेडिओ क्वीन' हे रेडिओ-नियंत्रित मॉडेल विजेच्या मोटारीवर उडविले. त्यात चांदी-जस्त घट होते. २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियात हाइनो ब्रडिच्का यांनी माणसासह उडणारे विद्युत विमान काही मिनिटे हवेत ठेवले. त्यामागे फ्रेड मिलिट्की या मॉडेल-विमानकाराची कल्पना होती आणि घट निकेल-कॅडमियमचे होते. त्यानंतरची सुमारे तीन दशके मॉडेल-विमानकार याच घटावर वाढला. उड्डाण संपले की उरलेली वीज काढून टाकायची, हा त्याचा संस्कार झाला.

लिथियमचे आगमन

१९७० च्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉन कंपनीत टायटॅनियम डायसल्फाइड व लिथियम धातू यांचा घट सिद्ध केला. लिथियम धातू वापरलेला घट जन्मतःच भरलेला असतो, आणि तेच त्याचे भय होते. १९८९ मध्ये कॅनडाच्या मोली एनर्जी कंपनीला जपानमधील मोबाइल फोनच्या आगीनंतर असे घट परत घ्यावे लागले. १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचे धनाग्र सुचविले. त्यात लिथियम धनाग्रातच बांधलेले असते. १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी त्यास कार्बनच्या ऋणाग्राची जोड दिली व १९९१ मध्ये सोनी कंपनीने हा घट बाजारात आणला. हा घट रिकामा जन्मतो, म्हणून कारखान्यात तो निर्धोकपणे जुळविता येतो. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रिकामा जन्मलेला घट रिकामाच ठेवला तर काय बिघडते, असा प्रश्न येथे स्वाभाविकपणे पडतो. पहिल्यांदा भरताना ऋणाग्रावर विद्युत अपघटनी द्रवाच्या विघटनातून एक पातळ संरक्षक थर बसतो. इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये लिथियमवरील अशा थराचे विवेचन केले होते. घट ३.० व्होल्टच्या बराच खाली उतरला की हा थर ढासळू लागतो व ऋणाग्रामागील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुन्हा भरताना ते तांबे नको तेथे जमते आणि आतल्या आत विद्युतमार्ग जोडला जाण्याचा संभव निर्माण होतो. याउलट ४.२ व्होल्टवर, म्हणजे पूर्ण भरलेल्या अवस्थेत, धनाग्र इतके तीव्र ऑक्सिडीकारक असते की ते अपघटनी द्रवाला हळूहळू पोखरते, आणि त्यातून वायू निघतो. साठवणुकीचा विद्युतदाब या दोन संकटांच्या मधला आहे.

'पॉलिमर' या नावाविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. पीटर राइट यांचे १९७३ चे संशोधन व मिशेल आर्मां यांनी १९७८ मध्ये मांडलेली कल्पना घन पॉलिमरची होती. मॉडेल विमानांत २००० नंतर आलेल्या घटांत मात्र द्रव किंवा जेलसदृश अपघटनीच असते. त्यांचे खरे वैशिष्ट्य म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पटलाची पिशवी. ही पिशवी वायू लपवीत नाही, ती फुगते. पोलादी डबीतील घट आतून म्हातारा झाला तरी बाहेरून तसाच दिसतो. हा नियम मॉडेल-विमानकाराला लॅपटॉप वापरणाऱ्याच्या आधी का कळला असावा, याचे उत्तर माझ्या मते या फुगणाऱ्या पिशवीत आहे.

कपाटातील अनुभव

एका महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या विमान-गटाचे कपाट प्रस्तुत लेखकाने उन्हाळी सुट्टीनंतर उघडलेले पाहिले आहे. स्पर्धा रद्द झाल्याने सहा बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या तशाच राहिल्या होत्या. चार उशीसारख्या फुगल्या होत्या. दोन बॅटऱ्या कोणी जुन्या शिकवणुकीप्रमाणे पूर्ण उतरवून ठेवल्या होत्या. त्या चार्जर ओळखेचना. हेतू दोन्ही वेळा चांगलाच होता. लिथियम-आयन घटांविषयी नेहमी उद्धृत होणाऱ्या एका कोष्टकानुसार २५ अंश सेल्सियसला वर्षभर ठेवलेल्या घटाची क्षमता ४० टक्के भरलेला असल्यास सुमारे ९६ टक्के उरते, पूर्ण भरलेला असल्यास ८०. ४० अंशांना हेच आकडे ८५ व ६५ होतात. विदर्भातील मे महिन्यात बंद लोखंडी कपाटाचे तापमान किती चढते हे वाचकांस सांगावयास नको.

बॅटरी उतरविण्याची कृती साधी, पण निष्काळजीपणा न खपविणारी आहे. तीन घटांची २२०० मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी भरली असता १२.६ व्होल्ट दाखविते. ती सुमारे ११.४ ते ११.५ पर्यंत आणायची, म्हणजे जवळजवळ निम्मी क्षमता काढायची. ५ वॅट काढू शकणाऱ्या चार्जरला यास अडीच तासांहून अधिक लागतात. म्हणून काही जण मोटारीचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा दिवा जोडतात. तो पाऊण तासाच्या आत काम उरकतो, मात्र कोठे थांबावे हे त्याला कळत नाही. कोणी चहाला गेला आणि गप्पांत रमला, की बॅटरी संपली. धोक्याचा आवाज देणारा मापक लावणे व समोर बसून राहणे हाच उपाय. शिवाय एकूण आकडा फसवा असतो. ३.९, ३.९ आणि ३.६ यांची बेरीजही ११.४ च येते. यास्तव प्रत्येक घट स्वतंत्रपणे मोजावा लागतो. भार काढल्यावर विद्युतदाब थोडा वर येतो, म्हणून मापनही काही वेळ थांबून करावे लागते.

नियमाचा कायदा

३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईजवळ यूपीएस कंपनीचे बोइंग ७४७ मालवाहू विमान आग लागून कोसळले व दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. तपासाचा निर्देश मालातील लिथियम बॅटऱ्यांकडे होता. १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास मनाई केली आणि मालवाहू विमानांसाठी त्या ३० टक्क्यांहून अधिक भरलेल्या नसाव्यात असे बंधन घातले. छंदिष्टाचा निम्मा आणि कायद्याचा ३० टक्के, हे आकडे वरवर विसंगत वाटतात. परंतु छंदिष्ट बॅटरीच्या आयुष्याचा विचार करतो, तर कायदा आगीचा. बॅटरी जितकी कमी भरलेली, तितका तिचा भडका मंद.

दरम्यान चार्जरांवर साठवणुकीचे स्वतंत्र बटण आले आणि पुढे ही जबाबदारी बॅटरीच्या अंगावरच गेली. २०१५ च्या फँटम ३ या ड्रोनची बॅटरी सुमारे दहा दिवस वापराविना राहिली की आपली आपणच ६५ टक्क्यांखाली उतरू लागते, आणि त्या दोन दिवसांत हाताला किंचित कोमट लागते. साध्या मॉडेल विमानांच्या बॅटरीत मात्र असे मंडल नसते. तेथे जून उजाडला, पाऊस आला व उड्डाणे थांबली, की मापक घेऊन एकेक घट पुन्हा हातानेच तपासावा लागतो.