पऱ्हाटीची थोरली गुणसूत्रं

यवतमाळकडच्या एखाद्या जुन्या शेतकऱ्याला विचारून बघा. गावरान पऱ्हाटी आणि अमेरिकन पऱ्हाटी यांतला फरक तो धागा बोटांत धरूनच सांगेल: गावरानचा आखूड आणि जाड, अमेरिकनचा लांब. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडातून गेलेला कापूस गावरानच होता. पुढे अमेरिकन कापसाचे संकर आले, २००२ला बीटी आलं आणि गावरान शेतातून जवळजवळ नाहीसा झाला.

आता हाच फरक सूक्ष्मदर्शकाखाली बघू. गावरान कापसात, म्हणजे गॉसिपियम आर्बोरियममध्ये, गुणसूत्रांच्या १३ जोड्या असतात. अमेरिकन हिरसुटममध्ये २६. स्कोव्हस्टेड या संशोधकाने १९३४मध्ये दाखवलं की या २६पैकी १३ मोठ्या आणि १३ लहान आहेत. मोठ्या जोड्या आपल्याकडच्या कापसाशी जुळतात, लहान अमेरिकेतल्या रानकापसाशी. १९४०मध्ये बीझली यांनी या दोन घराण्यांचा संकर करून, गुणसूत्रं दुप्पट करून ही जुळणी पक्की केली. म्हणजे गावरानला शेतातून हटवणाऱ्या पाहुण्याच्या पेशीतही अर्धा वाटा गावरानच्याच भाऊबंदांचा आहे!

पण एक प्रश्न तसाच राहिला. दोन्ही घराणी एकाच पूर्वजाची, वेगळी होऊन ५० लाख ते १ कोटी वर्षं झालेली. मग एकाची गुणसूत्रं मोठी का? आर्बोरियमचा जीनोम सुमारे १७० कोटी अक्षरांचा, तर अमेरिकन रानकापूस रायमोंडीचा सुमारे ८८ कोटींचा. जनुकं मात्र दोघांतही ४० हजारांच्या आसपास.

उत्तर रेट्रोट्रान्सपोझॉनमध्ये सापडलं. हा डीएनएचा तुकडा स्वतःची आरएनए प्रत काढतो, तिचा पुन्हा डीएनए बनवतो आणि तो जीनोममध्ये दुसरीकडे घुसवतो. झेरॉक्ससारखंच: मूळ कागद जागेवर, प्रत भलत्याच फाईलमध्ये. २००६मध्ये हॉकिन्स, वेंडेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मोठ्या जीनोमच्या कापसांत ‘गॉर्ज-३’ नावाच्या कुळाच्या प्रती बेसुमार वाढल्या. २००९मध्ये दुसरी बाजूही पुढे आली: लहान जीनोमच्या कापसाने अशा प्रती जास्त वेगाने गाळून टाकल्या. जीनोमचा आकार म्हणजे ही जमा-खर्चाची वही आहे, नुसती जमा नव्हे.

इथे एक चूक टाळा. जीनोम मोठा म्हणजे झाड सरस, असं यातून सिद्ध होत नाही. आणि या प्रतींना ‘कचरा’ म्हणून मोकळंही होऊ नका. २०१४मध्ये आर्बोरियमचा जीनोम वाचला गेला, त्यातला दोन-तृतीयांशाहून जास्त भाग पुनरावृत्तीचा निघाला. छोट्या तुकड्यांनी वाचताना एकसारख्या प्रती नीट जोडता येत नाहीत, म्हणून २०१८मध्ये लांब तुकडे वाचून तो नव्याने जोडावा लागला.

तुमच्या विश्लेषणात पुनरावृत्तीचा भाग झाकून टाकायची पायरी येईल, तेव्हा थोडं थांबा. काय झाकतोय आणि का, हे वहीत लिहून ठेवा. स्कोव्हस्टेडच्या प्रश्नाचं उत्तर त्याच भागात होतं, आणि ते मिळायला सत्तरेक वर्षं लागली. शिवाय अशी तुलना करायला दोन्ही बाजूंचं बी हातात लागतं. गावरानची सरकी कुणीच जपली नाही, तर पुढचा प्रश्न विचारणार कुणाला?