चांद्याचा परकोट, मार्कंड्याचे शिखर

अंगकोरची छायाचित्रे पाहून हळहळणाऱ्या मित्रांनो, एक जुनी राजधानी आपल्याला चामोर्शीहून एस.टी.ने गाठता येते.

सिरपूर, बल्लारपूर आणि अखेर चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, असा गोंड राजधानीचा प्रवास झाला. चांद्याचा परकोट सुमारे ११ किलोमीटरांचा. जटपुरा दरवाजापाशी वाहनांची कोंडीच अधिक दिसेल. त्यापेक्षा अंचलेश्वराकडे जावे. तेथे राणी हिराईने पती बीरशाहासाठी उभारलेली समाधी आहे. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी राज्य घेतले, १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला जिंकला. दरवाजांवरील हत्तीवर आरूढ सिंहाचे गोंड राजचिन्ह मात्र टिकून राहिले.

परतताना मार्कंडा. वैनगंगा येथे उत्तरवाहिनी होते. मुख्य मंदिराचे शिखर वीज पडून ढासळले. पुढे एका गोंड राजाने मंडपात जाडजूड खांब उभारून छत सावरले. कनिंगहॅमने १८७०च्या दशकात हे मंदिर पाहिले, तेव्हा ती डागडुजी झालेली होती. ते खांब बेढब खरेच, पण मला ते शिल्पांइतकेच मोलाचे वाटतात: मोडलेले राऊळ कोणीतरी आपले मानले होते.

अलीकडे सुरू झालेला जीर्णोद्धार वर्षानुवर्षे रेंगाळला. महाशिवरात्रीच्या यात्रेत भाविक त्या अर्धवट कामाशेजारूनच दर्शनाला जात राहिले.